हरणीला घातलेल्या चार भाकरी

अण्णारावांबद्दल थोडं लिहून द्या, असं त्यांच्या मुलानं, विरेशनं, मला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो. मी एसटीत कंडक्टर होतो. रजेच्या अर्जापलीकडं आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, आणि अण्णारावांना माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं गावात आहेत. पण विरेश म्हणाला, "काका, थर्मास तुमीच आणत होता. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार न्हाई." ते खरं आहे. म्हणून लिहितो. काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

अण्णाराव जिंतूर तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. कागदावर परिचर, पण आसपासच्या खेड्यांत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी "डॉक्टर न्हाई, परिचर" असं सांगत. उंच, जरा वाकलेले, बोलणं कमी. गळ्यात इष्टलिंग. कोणत्याही जनावराला सुई टोचायच्या आधी साबणानं हात धुवायचे, मग सदऱ्यावरूनच लिंगाला हात लावायचे आणि मगच औषध भरायचे. बैलानं लाथ मारली तरी त्यांनी शिवी दिल्याचं मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्र्यांचं काम हाती घेतलं. बैलाची नोंद होते, म्हशीची होते, कुत्र्याचं नाव कुठल्या रजिस्टरात नसतं, असं ते म्हणत. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. प्रत्येक आखाड्यावर एक तरी कुत्रं लागतंच. येलदरी धरणाच्या पाण्याकडच्या माळावर लांडगे आहेत, आणि कुत्र्यावाचून शेळ्या राहत नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्या सांगण्याप्रमाणं अण्णाराव कुत्र्यांना लस टोचू लागले. लस जिंतूरच्या मेडिकलमध्ये मिळायची. तिथून ती बर्फाच्या थर्मासात घालून मी माझ्या गाडीत आणायचो, ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवायचो. अण्णाराव आमच्या फाट्यावर चिंचेखाली छत्री घेऊन उभे असायचे. थर्मास घेतला की मान हलवायचे आणि चालू लागायचे. झाकण उघडून बर्फ आहे की नाही, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

त्यांनी ज्या कुत्रीवर सगळ्यात जास्त लक्ष दिलं ती चतुराबाईची हरणी. चतुराबाई माळाच्या कडेला एकटी राहते, अठरा-वीस शेळ्या राखते. हरणाच्या रंगाची म्हणून ती हरणी. तिची पिल्लं धीट निघतात असा लौकिक होता. लोक आधीपासून सांगून ठेवत. अण्णाराव हरणीला दर वर्षी न चुकता लस देत. इतरांची एखाद्या वर्षी राहून जायची, हरणीची नाही.

आमच्या भागात पिल्लू विकत नाहीत. बाळंतिणीसारखं कुत्रीचंही सव्वा महिना पाळतात, तोवर पिल्लाला कुणी आईपासून तोडत नाही. सव्वा महिन्याच्या दिवशी ज्यांना पिल्लं न्यायची ते सगळे येतात. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून आपल्या हातानं कुत्रीला खाऊ घालतात, पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधतात आणि घेऊन जातात. अण्णाराव याच दिवशी सगळ्या पिल्लांना लस टोचायचे. सगळी एका जागी सापडायची ती त्याच दिवशी. एकदा ती चारी दिशांच्या आखाड्यांवर गेली की परत कोण आणतो? त्यामुळं एक सुई, आणि तीच शेवटची. डॉक्टर पुन्हा टोचायला सांगत, पण ते होत नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं. एक तर एक, नसण्यापेक्षा बरं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात हरणीला आठ पिल्लं झाली. आठवं फार बारीक होतं. बाकीच्यांनी त्याला ढकलून दिलं, आणि चतुराबाईच्या लक्षात आलं तोवर दीड दिवस गेला होता. त्यानं आईच्या अंगाला तोंडही लावलं नव्हतं. तिनं ते घरात घेतलं आणि कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवलं. त्याचं नावच बोळ्या पडलं.

सव्वा महिना चैत्रात भरला. त्या दिवशी मी थर्मास घेऊन निघालो आणि जिंतूर सोडल्यावर गाडी पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. अडीच तास आम्ही उन्हात उभे होतो. मी मधेच झाकण उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी झालेलं. पाणी थंड होतं, पण बर्फ नव्हता. फाट्यावर अण्णाराव होतेच. त्यांनी थर्मास घेतला, मान हलवली. मला सांगायला हवं होतं. गाडीतले लोक आधीच खोळंबले होते, मी घंटी दिली.

आठही पिल्लांना त्यांनी लस दिली. सहा पिल्लं दोरे बांधून गेली. बोळ्या आणि एक तांबड्या रंगाची मादी, ही दोन चतुराबाईनं ठेवली. हरणी एका पायानं अधू झाली होती आणि त्या हिवाळ्यात लांडग्यानं दोन शेळ्या नेल्या होत्या. आता तांबडीच राखण करील, असं चतुराबाई ज्याला त्याला सांगायची.

वैशाखात पिल्लं आजारी पडू लागली. ओकाऱ्या, रक्ताची हगवण, तीन दिवसांत संपायचं. आधी गावातल्या बालाजीनं आपल्या आखाड्यावर नेलेलं गेलं, मग एकेक करत आणखी चार. चतुराबाई तांबडीला टोपल्यात घालून अण्णारावांच्या दारात आली. त्यांनी दोन दिवस तिच्या कातडीखाली सलाईन भरलं, जवळून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हरणीचं दूध प्यालेल्या सातांपैकी सहा मेली. सातवं पाथरीकडं पाव्हण्यांकडं गेलं होतं, तिकडं साथ पोचली नसावी.

बालाजीच्या घरून पहिल्यांदा बोललं गेलं की सुईनंच पिल्लं मेली. मग ते सगळीकडं झालं. पावसाळ्याआधी अण्णाराव शेळ्यांच्या लसीला गेले तर दोन आखाड्यांवर त्यांना बाहेरच्या बाजेवर बसवून चहा दिला आणि शेळ्या मात्र आधीच माळावर नेलेल्या. त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला, 'शरणार्थ' म्हणून नमस्कार केला आणि उठले. त्यानंतर त्यांनी पिशवी खुंटीला टांगून ठेवली.

त्याच सुमारास ते मला भेटले होते. म्हणाले, "भागवतराव, त्या दिवशी थर्मासात बर्फ होता ना?"

मी "होता" म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी सगळा दोष स्वतःच्या हाताकडं घेतला. सुई उथळ गेली असेल, औषध नीट हललं नसेल, असं ते शिवम्मांना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, सांगत राहायचे. शिवम्मांनीच मला हे सांगितलं. माणूस जेवताना उजवा हात उलटासुलटा करून बघत बसतो, म्हणाल्या.

मी जूनमध्ये निवृत्त झालो. घरी बसल्यावर ती गोष्ट मला जास्तच टोचू लागली. श्रावणातल्या एका सोमवारी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. शिवम्मा डाळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की बर्फ नव्हता, पाणी झालं होतं, मी खोटं बोललो. वाटलं होतं ते उठून आत जातील. त्यांनी ओट्यावरची जागा हातानं झटकली. मग म्हणाले, "बसा."

मी बसलो.

"लस उन्हानं खराब झाली म्हणता. मग बोळ्या कसा जगला?"

ते बोटांवर मोजू लागले.

"एकाच डब्यातल्या आठ कुप्या. एकच हात, एकच दिवस. तांबडी त्याच्याच पोत्यावर आजारी पडली. तो तिच्या उष्ट्यात तोंड घालत होता. त्याला साधी ओकारी न्हाई."

गावात लोक म्हणत होते की शेळीच्या दुधात औषध असतं. अण्णारावांना ते पटत नव्हतं, पण दुसरं काही दिसतही नव्हतं. बोळ्या अशक्त, सगळ्यांत आधी जायला हवा होता. माझा दोष आणि त्यांचा दोष, दोन्ही धरले तरी बोळ्याचं कोडं सुटत नव्हतं. मला रागावायचं ते विसरून गेले की त्यांनी मुद्दामच रागावायचं टाळलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

भाद्रपदात आम्ही दोघं परभणीला गेलो. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात राजेश्री मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, तरुण, ईश्वरीच्या म्हणजे अण्णारावांच्या मुलीच्या वयाच्या. अण्णाराव त्यांच्यासमोर खुर्चीवर बसेनात. उभ्यानंच सगळं सांगितलं. मीही माझ्या थर्मासाचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या की हा रोग पार्वोचा. पाणी थंड होतं तर तेवढ्यानं लस मरत नाही, पण पुन्हा असं करू नका. मग त्यांनी विचारलं, "आईला लस दिलेली होती?"

"दर वर्षी. एकदाबी चुकवली न्हाई," अण्णाराव म्हणाले. संबंध दिवसात तेवढंच एक वाक्य ते ताठ मानेनं बोलले.

मॅडमनी पेन उघडलं. मग एका कागदाच्या पाठीवर त्यांनी वरून खाली उतरत जाणारी रेघ काढली. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी जे दूध पितं, त्यातून आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद पिल्लाच्या रक्तात उतरते. मॅडम तिला प्रतिपिंडं म्हणाल्या. आई जितकी राखलेली, तितकी ही ताकद जास्त. ती आठ-दहा दिवसांनी निम्मी, मग त्याच्या निम्मी, अशी उतरत जाते. पण ती अंगात आहे तोवर रोगाला मारते तशी लसीलाही मारते. लस म्हणजे अर्धमेला रोगच. पिल्लाच्या अंगानं त्याच्याशी झुंजून शिकावं म्हणून तो टोचायचा. आईची ताकद त्याला आधीच संपवते आणि पिल्लाचं अंग काही शिकतच नाही. हरणीसारख्या आईच्या पिल्लात चाळिसाव्या दिवशी रेघ अजून वरच होती. ती सुई वाया गेली. पुढं रेघ इतकी खाली आली की रोग अडेना, आणि स्वतःचं शिकलेलं तर काहीच नव्हतं.

"मधे काही आठवडे असे येतात," त्या म्हणाल्या, "की आईचं जे उरलंय ते रोग अडवायला पुरत नाही, पण लस बिघडवायला पुरतं. ते कोणत्या पिल्लात कधी येतात, हे बघून कळत नाही. म्हणून एकदा टोचून भागत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिने उलटेपर्यंत."

"आन बोळ्या?" अण्णारावांनी विचारलं.

त्यानं पहिल्या दिवसाचं दूध प्यायलंच नव्हतं. त्याच्या अंगात लसीला मारणारं कुणी नव्हतं, म्हणून ती लागू पडली असावी, मॅडम म्हणाल्या. पण हे त्याचं नशीब समजा. त्याच कारणानं तो दहाव्या दिवशीही मेला असता. दूध कधी तोडू नका. हा रोग जमिनीत टिकून राहतो, ती ब्लिचिंगच्या पाण्यानं धुऊन घ्या.

परतीच्या गाडीत अण्णाराव खिडकीशी बसले होते. बोरीच्या पुढं आल्यावर म्हणाले, "सगळ्यात चांगली राखली, तीच आडवी आली."

दुसऱ्या दिवशी ते चतुराबाईकडं निघाले. मला बरोबर चला म्हणाले. ती पाण्याच्या कडेला बाभळीखाली होती, शेळ्या काठच्या गवतात होत्या, बोळ्या तिच्या पायाशी. हरणी पुन्हा गाभण दिसत होती. अण्णाराव चपला काढून जमिनीवर बसले.

"चतुराबाई, तुमची तांबडी माझ्या चुकीनं गेली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत, मॅडमची रेघ काडीनं मातीत काढून. सांगून झाल्यावर तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "चोर कसा ऱ्हातो ते पिल्लाला कळावं म्हणून तुमी एक लंगडा चोर धाडला. अन हरणीनं त्याला दारातच फाडला. पिल्लू निजूनच ऱ्हायलं."

"असंच."

"पुढं हरणीचा जोर सरला, अन मंग खरा चोर आला."

अण्णारावांनी मान खाली घातली.

"आता पुना टोचायचं म्हणता. महिन्या-महिन्यानं. पर आखाड्यावरून पिल्लू घेऊन कोण येतंय, आण्णा? तुमची सुई म्हणलं की लोक शेळ्या लपवायलेत."

चतुराबाईनं एका शेळीला हाक घातली, उठली, परत बसली. मग म्हणाली, "भाकरीला येतेत."

अण्णारावांनी हातातली काडी खाली ठेवली.

"चार भाकरी लावते मी. सव्वा महिन्याला एक, सव्वादोनला एक, सव्वातीनला, सव्वाचारला. पिल्लाला आईची भेट घडवायची, भाकर घालायची, अन जायचं. एवढं दूध पाजलं तिनं, अन एका भाकरीवर तिचं लेकरू न्यायला लाज वाटत न्हाई का, असं इचारते लोकायला. सुईचं तुमी काई बोलूच नका."

अण्णाराव म्हणाले, सुईचं मला बोलावंच लागेल.

दिवाळीच्या आसपास हरणीला सात पिल्लं झाली. चतुराबाईनं आधी ब्लिचिंगनं सगळं अंगण धुतलं होतं. सातही पिल्लांना तिनं स्वतः धरून पहिल्या दिवसाचं दूध पाजलं. सव्वा महिन्याच्या दिवशी लोक जमले. भाकरीला माणूस नाही म्हणत नाही. मी नव्या बर्फाचा थर्मास घेऊन गेलो होतो. टोचायच्या आधी अण्णाराव उभे राहिले. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती, कागदावर लिहून आणलं होतं. मागची पिल्लं का मेली, ते त्यांनी सांगितलं. माझं काही सांगितलं नाही.

बालाजी मागं उभा होता. "म्हंजी मागच्या खेपेला तुमी पाणीच टोचलं म्हणा की, डाक्टर."

दोघं-तिघं हसले.

"पाणीच झालं ते, बालाजी," अण्णाराव म्हणाले. "आज टोचतो त्याचंबी पाणी होऊ शकतं. म्हणून चारदा या."

सगळ्यात आधी चतुराबाईनं आपलं पिल्लू पुढं केलं. मग एकेक करत सगळी आली, बालाजीचंही.

दुसऱ्या भाकरीला सातही पिल्लं आली. हरणी त्यांना हुंगायची आणि दूर व्हायची. माणसं हसत होती, कुणाचं पिल्लू केवढं झालं ते बघत होती. तिसऱ्या भाकरीला सहा आली. बालाजीच्या तुरीची रास, म्हणजे मळणी, चालली होती, पुढच्या भाकरीला येतो असा निरोप आला. अण्णारावांनी त्याची कुपी थर्मासात तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. तिसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच मला बरोबर घेऊन ते चालत बालाजीच्या आखाड्यावर गेले. पिल्लू गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं होतं, ओकाऱ्या सुरू झालेल्या. मागच्या सालचा रोग त्या जमिनीत राहिला असावा. थर्मास उघडलाच नाही. त्यांनी सलाईन लावलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. बालाजीनं दोनदा घरी जा म्हणून सांगितलं. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं.

अण्णारावांना वाटलं, झालं, आता चौथ्या भाकरीला कुणी येणार नाही. तसं त्यांनी मला बोलूनही दाखवलं. पिशवी पुन्हा खुंटीला लावू का, असं शिवम्मांना विचारलं. शिवम्मांनी त्यांचा धुतलेला सदरा पुढं ठेवला.

चौथी भाकर शिवरात्रीनंतर आली. सहाही पिल्लं आली, आता पिल्लं म्हणायची नाहीत अशी. अण्णारावांनी प्रत्येकाच्या वेळी हात धुतले, लिंगाला हात लावला, सुई भरली. शेवटचं पिल्लू झालं आणि ते साबण आवरत होते, तेवढ्यात बालाजी आला. हातात फडक्यात गुंडाळलेली भाकर होती. बरोबर पिल्लू नव्हतं.

चतुराबाईकडून त्यानं वाटीभर दूध घेतलं, भाकर कुस्करली आणि हरणीसमोर बसला. हरणीचे दात झिजले होते, तिला वेळ लागत होता. ती खाईपर्यंत तो तिथंच होता. उठताना अण्णारावांना म्हणाला, "पुढच्या वक्ताला एक माझ्या नावानं ठिवा. चारी भाकरीला येतो." अण्णारावांनी मान हलवली.

ती सहाही जगली. त्यातली एक तांबूस मादी चतुराबाईकडं आहे. बोळ्या आणि ती मिळून शेळ्या राखतात. हरणी पुढच्या पावसाळ्यात गेली. अण्णारावांनी नंतर तीन वर्षं आसपासच्या सगळ्या कुत्र्यांच्या चार-चार भाकरी पार पाडल्या. गेल्या कार्तिकात झोपेतच ते गेले. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. बालाजी खड्डा खणायला होता.

एक गोष्ट राहिली. मी खोटं बोललो हे कळल्यानंतरही, त्या तीन वर्षांत, अण्णारावांनी माझ्या हातातला थर्मास कधी उघडून पाहिला नाही. पूर्वीसारखाच घ्यायचे आणि चालू लागायचे. या माघात चतुराबाईच्या तांबूस मादीच्या पिल्लांची तिसरी भाकर झाली. टोचायला दवाखान्यातले नवे डॉक्टर आले होते. त्यांनी आधी झाकण काढून बर्फ पाहिला, तसंच करायला पाहिजे. बर्फ होता. पिल्लं पाचही आली होती.